पांढरी आणि पिवळी: तासगाव तालुक्यातल्या एका संधिवाताच्या रुग्णाचं प्रकरण

आक्का पन्नाशीच्या. तासगाव तालुक्यातलं द्राक्षाचं गाव, घरची जमीन थोडकी, त्यामुळं वर्षातले बरेच महिने दुसऱ्याच्या बागेत रोजंदारी. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफुटी काढायच्या, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, आणि फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर निवडाई. सगळं बोटांचं काम. त्यांना झालेला आजारही बोटांचाच: संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो प्रकार. मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. चिठ्ठीवर लिहिलेलं औषध पोटात जाईपर्यंत त्याचं काय काय होतं, हे डॉक्टरांपेक्षा आम्हाला जवळून दिसतं. हे प्रकरण त्यांच्या संमतीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दुखण्याची सुरुवात एका हिवाळ्यात झाली. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत. भाकरी थापायला बसलं की पीठ परातीत तसंच राहायचं, दहा-साडेदहापर्यंत हात सुटायचे नाहीत. आक्कांच्या मते कारण सरळ होतं. पहाटेच्या थंडीत डिपिंगच्या बादलीत वर्षानुवर्षं हात बुडवले, थंडी हाडात शिरली, वात भरला. गावात एकाकडं सुई घेतली, दोन दिवस हात हलके झाले. नंतर कुणीतरी पुड्या आणून दिल्या, त्यानंही बरं वाटायचं. पुडीत काय होतं हे कुणी सांगितलं नाही, पण संधिवाताच्या ज्या पुडीनं एका रात्रीत हात मोकळे होतात तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी मिरज गाठलं. आमच्याकडं दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस मिरजेला जातो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना उघडला, तेव्हापासूनची ही सवय आहे आणि आता तर तिथं गल्लोगल्ली दवाखाने आहेत. रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले, निदान झालं. चिठ्ठीवर पाच औषधं आली. मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन रोज. प्रेडनिसोलोन रोज सकाळी. आणि एक पित्ताची.

या चिठ्ठीमागचा विचार असा असतो: मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. सांध्यांवर शरीराचा स्वतःचाच जो हल्ला चाललेला असतो, तो ते आटोक्यात आणतं आणि हाडांची झीज रोखतं. पण त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर माणसानं दिवस कसे काढायचे, म्हणून प्रेडनिसोलोन. ते स्टिरॉइड, काही तासांत सूज उतरवतं, मात्र ते कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस द्यायचं आणि मुख्य औषध लागू पडलं की हळूहळू कमी करत बंद करायचं.

आक्कांनी नेमकं उलट केलं.

माझ्या ध्यानात आलं ते रिकाम्या पट्टीमुळं. आमच्याकडं बरीच माणसं चिठ्ठी आणत नाहीत, संपलेली पट्टी आणतात आणि काउंटरवर ठेवून म्हणतात, ही द्या. आक्का प्रेडनिसोलोनची रिकामी पट्टी घेऊन यायच्या. “दादा, ही पांढरी तेवढी द्या. बाकीच्या हाईत घरात.” मी चिठ्ठी मागितली की त्या पट्टी परत पिशवीत घालून निघून जायच्या. शेड्युल एचमधलं हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, तरी ते मिळतं, आणि त्यांनाही ते कुठून तरी मिळत होतंच. बाकीच्या इतके दिवस घरात कशा काय शिल्लक, हा खरा प्रश्न होता. एकदा सुनेला म्हटलं, घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट घेऊन या.

पिशवी काउंटरवर उपडी केली. पांढऱ्याच्या रिकाम्या पट्ट्या रबर लावून एकत्र ठेवलेल्या. फॉलिक ॲसिडच्या पट्टीतून तीन-चार गोळ्या गेलेल्या. मेथोट्रेक्सेटच्या एका पट्टीतली एक गोळी ब्लेडनं अर्धी कापलेली, उरलेला अर्धा भाग चमकीच्या कागदात दुमडून ठेवलेला. बाकीच्या पट्ट्या भरलेल्या. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. आक्कांना बाकावर बसवलं आणि एकेक पट्टी त्यांच्या हातात देऊन एवढंच विचारत गेलो: ही कशासाठी आहे, असं तुम्हाला वाटतं?

पांढरीबद्दल त्या भरभरून बोलल्या. सकाळी घेतली की दुपारपर्यंत हात चालतो. भूक लागते, अंगाला लागते. वर्षभर खंगलेल्या बाईचे गाल भरले होते आणि शेडवरच्या बायका म्हणायच्या, “आक्का, आता कसं, अंगावर आलायसा.” स्टिरॉइडनं चेहरा गोल होतो, वजन वाढतं, हे दुष्परिणाम म्हणून पुस्तकात लिहिलेलं असतं. गावात त्यालाच तब्येत सुधारली म्हणतात. रोज चार बायका ज्या गोळीची पावती देतात ती गोळी वाईट आहे, हे आक्कांनी कशाच्या आधारावर मानायचं?

पिवळीची, म्हणजे मेथोट्रेक्सेटची, कहाणी वेगळी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, अन्नाचा वास नको आणि तोंड आलं. आक्कांनी निदान केलं: गोळी उष्ण आहे. मग सब्जा, ताक, गुलकंद. त्यानं तोंड थोडं निवळलं, म्हणजे उष्णताच होती हे सिद्ध झालं. मग अर्धी गोळी. मग पंधरा दिवसांनी एक. मग नाहीच. (त्या मिश्री लावतात, तोंड येण्यात तिचाही वाटा असणार. पण मिश्री पंचवीस वर्षांची, गोळी तीन आठवड्यांची. संशय कुणावर जाणार?) दोन्ही गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड, त्यांच्याकडं पिवळ्याच होत्या. अनेक कंपन्यांच्या तशाच असतात. तोंड येऊ नये म्हणून दिलेली फॉलिकही त्यांनी उष्ण म्हणून सोडली होती.

आठवड्यातून एकदाच, याचाही त्यांनी अर्थ लावला होता. शेजारणीनं सांगितलं होतं, “इतकी जालीम हाय की रोज घेतली तर माणूस जातंय, म्हणून आठवड्यानं देत्यात.” यावर मला हसता आलं नाही, कारण शेजारीण बरोबर होती. मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी चुकून रोज घेतल्यानं रक्तपेशी घटून माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. औषधांच्या घातक चुकांची यादी कुणीही करो, ही चूक तिच्यात असते.

मिरजेच्या फेरतपासणीत मात्र डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेताय ना? आक्का म्हणाल्या, घेते. “न्हाई म्हटलं तर वरडत्यात ओ, एवढ्या लोकांत.” बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना मिळालेल्या त्या काही मिनिटांत डॉक्टरांना दिसलं ते असं: औषध चालू आहे, सूज उतरलेली नाही. त्यांनी मेथोट्रेक्सेटची मात्रा १५ मिलिग्रॅम केली. जी गोळी पोटात जातच नव्हती तिची मात्रा वाढली. घाबरून आक्कांनी ती एकदम सुरू केली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

पुढचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. सांगलीला कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यानं मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं होतं. पहिल्याच ओळीत कॅन्सर. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा आक्कांनी बघितला आणि नंतर सुनेकडून काढून घेतलं. आमच्या भागात कॅन्सर झालेल्या माणसाला सहसा तसं सांगत नाहीत. घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात, आणि पेशंटला म्हणतात, गाठ आहे, बरी होईल. आक्कांनी असे दोन जण भावकीत बघितलेले. त्यामुळं त्यांचा हिशोब पक्का झाला: आपल्याला कॅन्सर आहे, घरच्यांना माहीत आहे, आपल्यापासून लपवतायत. आणि मालकांच्या, म्हणजे आक्कांच्या नवऱ्याच्या, मनातही कॅन्सरच होता. डॉक्टरांनी आक्कांना एकटीला काहीतरी सांगितलंय आणि ती बोलत नाही, असं त्यांना वाटायचं. सात-आठ महिने दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते.

औषध कॅन्सरचं आहे हे खोटं नाही. १९४८ साली अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी याच कुळातल्या ॲमिनोप्टेरिननं लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला काही काळ मागं रेटलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. संधिवातासाठी त्याला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली १९८८ साली. फरक मात्रेचा आहे. काही कॅन्सरमध्ये ते एका वेळी हजारो मिलिग्रॅम देतात, संधिवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस. मी आक्कांना आणि मालकांना शेजारी शेजारी बसवून हे आकडे कागदावर लिहून दाखवले. कॅन्सरचं औषध नाही, असं म्हणालो नाही. तसं म्हटलं असतं तर मोबाइल खरा आणि मेडिकलवाला खोटा ठरला असता.

आता नवरात्राचा प्रसंग, कारण आक्कांच्या लेखी सगळा निकाल तिथंच लागला होता. त्या नऊ दिवसांचा उपवास धरतात. उपाशीपोटी गोळ्या नकोत म्हणून घटस्थापनेला सगळ्याच बंद केल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, उलट्या, अंगातलं त्राण गेलं, सांधे टम्म. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, स्टिरॉइडची सुई दिली, संध्याकाळी त्या उठून बसल्या. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि बाहेरचं एकदम थांबलं की असं होतं. आक्कांनी काढलेला निष्कर्ष मात्र असा: “सगळ्या बंद केल्या. पांढरी दिल्यावर उठले. पिवळी कुनी दिलीच न्हाई, तरी उठले. मग खरी कुठली?”

या तर्कात मला कच्चा दुवा सापडला नाही. पिवळीची परीक्षा कधी झालीच नव्हती एवढंच, कारण ती धडपणे सुरूच नव्हती. रुग्ण औषधं नीट घेत नाही म्हटलं की आपण अडाणीपणा, हलगर्जी, अंधश्रद्धा हे शब्द काढतो. इथं बाई प्रत्येक गोळीची चाचणी घेत होती: किती वेळात गुण येतो, आणखी काय काय होतं, बंद केली तर काय होतं. या कसोट्यांवर स्टिरॉइड कायम पहिलं येणार आणि मेथोट्रेक्सेट कायम नापास होणार. सावकाश काम करणाऱ्या औषधाला द्यायची कसोटी वेगळी असते, ती त्यांना कुणी दिली नव्हती. त्यात “आयुष्यभर घ्यावी लागेल” हे डॉक्टरांचं वाक्य त्यांनी मनाशी असं धरलं होतं: “बरं करनारं औषध असतं तर कायमचं कशापायी दिलं असतं?”

ब्रिटनमधले संशोधक रॉब हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली औषधांबद्दलच्या समजुती तपासणारी एक प्रश्नावली मांडली. तिचं सार असं की दीर्घ आजारातला माणूस मनात दोन रकाने ठेवतो: या औषधाची मला गरज किती, आणि धास्ती किती. आक्कांच्या दुसऱ्या रकान्यात उष्णता, तोंड येणं, कॅन्सर आणि शेजारीण होती. पहिला रकाना कोरा. समजावून सांगणारे आम्ही लोक बहुतेक वेळा धास्ती पुसायला धावतो, “काही होत नाही हो” म्हणतो, आणि गरजेच्या रकान्यात कुणीच काही लिहीत नाही.

मात्रा ठरवणं माझं काम नाही. गावातले फॅमिली डॉक्टर मिरजेच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलले. या वेळी खरी माहिती दिली गेली: मेथोट्रेक्सेट घेतलंच गेलेलं नाही. तज्ज्ञ ओरडले नाहीत. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅमपासून नव्यानं सुरू केलं, फॉलिकची मात्रा वाढवली. प्रेडनिसोलोनला हात लावला नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं असं मला वाटतं. तुमची पांढरी कुणी काढून घेत नाही, हे कळल्यावर आक्का पहिल्यांदा सैल झाल्या.

मग वार ठरवायचा होता. मिरजेच्या चिठ्ठीवर रविवार होता. पण आमच्याकडं मजुरांना रविवार नसतो, सुट्टी गावच्या बाजाराच्या दिवशी. सोमवारी मळमळत विरळणीला जाणं कुणालाही नको. बाजाराच्या आदल्या रात्री जेवल्यावर गोळी, मळमळीचा बराचसा भाग झोपेत जातो, दुसरा दिवस सुट्टीचा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वाराचं नाव आणि “रोज नाही” असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी मेथोट्रेक्सेटची पट्टी वेगळ्या पाकिटात घालून त्यावर तेच लिहिलं. फॉलिक दुसऱ्या पाकिटात. पाकिटाच्या मागं आणखी एक ओळ: कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर हे आधी दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास लिहिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी यासोबत घेतली तर जिवावर बेतू शकतं.

राहिली कसोटी. ऱ्हुमॅटॉइडमध्ये सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो याला तज्ज्ञही महत्त्व देतात. ते मोजायला यंत्र लागत नाही. सातवीतली नात कॅलेंडरच्या चौकटीत रोज लिहायला लागली: आजीचे हात किती वाजता सुटले. गोळीच्या रात्री गोल. पहिल्या महिन्यात आकडे होते तसेच, दहा, साडेदहा. आक्का कंटाळल्या. तेव्हा मालकांनी मी म्हणू शकलो नसतो असं वाक्य टाकलं: “छाटनी केली म्हनून दुसऱ्या दिवशी घड बघायला जातंय व्हय कोन?” दुसऱ्या महिन्याच्या शेवटी साडेनऊ, नऊ. तिसऱ्यात आठ, मध्येच एखादा दहा. नातीनं तीन पानं शेजारी शेजारी धरून दाखवली. पिवळीच्या बाजूनं मिळालेला हा पहिला पुरावा, आणि तो घरातल्याच माणसाच्या अक्षरात होता.

त्यानंतर प्रेडनिसोलोन थोडं थोडं कमी करायला घेतलं, आणि एक अडचण आली जिचा कुणीच विचार केला नव्हता. स्टिरॉइड उतरलं तसे गाल उतरले. शेडवरच्या बायका म्हणाल्या, “आक्का, वाळलायसा की ओ. काय होतंय?” गोळी कॅन्सरची, अंग वाळतंय: जुनी भीती पुन्हा उभी राहिली आणि आक्कांनी परस्पर एक आठवडा पांढरीची मात्रा वाढवली. या वेळी मात्र त्यांनी येऊन सांगितलं. डॉक्टरांनी आजारापूर्वीचा, लेकीच्या लग्नातला फोटो आणायला लावला. फोटोतली बाई आताच्या आक्कांसारखीच दिसत होती, मधल्या गोल चेहऱ्यासारखी नव्हती. वाद मिटला.

दरम्यान साखर वाढलेली निघाली. महिनोन्‌महिन्यांच्या स्टिरॉइडचा त्यात हात असणार, आक्का म्हणतात आईलाही होती. दोन्ही खरं असू शकतं. मेटफॉर्मिन त्या बिनतक्रार घेतात. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “मशीनवर आकडा दिसतोय की.”

फॅमिली डॉक्टरांना माझा हा सगळा अर्थ फारसा पटत नाही. त्यांचं म्हणणं, नवरात्रातल्या दणक्यानं बाई घाबरली आणि ऐकायला लागली, बाकी गप्पा. शिवाय दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्यानं प्रत्येकाला बाकावर बसवून गोळीगणिक मत विचारायचं का? दुसरा मुद्दा मला मान्य आहे, दुपारी गिऱ्हाईक नसणं ही चैन सगळ्यांना नसते. पहिला नाही. दणक्यानंतर त्या पांढरीलाच जास्त चिकटल्या होत्या.

सध्या मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅमवर आहे, प्रेडनिसोलोन अगदी थोडं उरलंय. नवरात्रात गोळ्या रात्री फराळानंतर घ्यायच्या असं ठरलंय, देवीला विचारून, असं त्या सांगतात. दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या बेदाण्याच्या हंगामात हटकून चुकतात, कारण तपासणीचा खर्च गोळ्यांपेक्षा जास्त आणि वर मिरजेला जायचं म्हणजे दिवसाचा पगार बुडतो. रक्त इथंच काढून रिपोर्ट मोबाइलवर पाठवायची सोय आता झाली आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठी डोळ्यांचा पडदा तपासणं मात्र अजून झालेलं नाही. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तो बघायचा असतो. दोनदा तारीख घेतली, दोनदा आक्का गेल्या नाहीत. “हाताच्या गोळीला डोळं कशाला तपासायचं? मला तर सुईत दोरा ववता येतोय.” या वेळी मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांकडं नातही जाणार आहे, आणि पडद्याचा फोटो काढून तो आक्कांना दाखवा, असं डॉक्टरांनी चिठ्ठीतच लिहून दिलंय.